चिन्ह आणि उपपत्ती : मुखस्नायूंच्या नियंत्रणाविषयीच्या एका रूढ सिद्धांताचे परीक्षण

१

अर्धांगवायूच्या रोग्याची तपासणी करताना वैद्य त्याला कपाळावर आठ्या घालावयास, डोळे घट्ट मिटावयास आणि दात दाखवावयास सांगतो. तोंडाचा एक कोपरा लुळा पडला आहे, परंतु त्याच बाजूच्या कपाळावर आठ्या नीट उमटत आहेत, असे दिसले तर विकार मेंदूच्या वरच्या भागात असावा असे अनुमान निघते. उलट कपाळ, डोळा व ओठ असा चेहऱ्याचा सबंध अर्धा भाग निश्चल झाला असेल, तर विकार सातव्या मज्जातंतूत, म्हणजे मुखमज्जातंतूत, अथवा त्याच्या उगमाशी आहे असे ठरते. हे चिन्ह साधे आहे, त्याला कोणतेही उपकरण लागत नाही, आणि व्यवहारात ते सहसा फसवीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ते शिकत आले, आणि त्यांनी ते शिकावे हे योग्यच आहे.

परंतु चिन्हाबरोबरच त्याची एक उपपत्तीही शिकवली जाते. ती अशी : चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडून तंतू येतात, खालच्या भागाला केवळ विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडून; म्हणून एक गोलार्ध दुखावला तरी दुसरा कपाळाला सांभाळून घेतो. वाक्य आटोपशीर आहे, आकृतीत सहज बसते आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देते. चिन्ह खरे ठरते, म्हणून उपपत्तीही खरी असली पाहिजे, असा समज त्यातून आपोआप दृढ होतो. तो समज येथे तपासून पाहावयाचा आहे. एखादे निरीक्षण अचूक असणे आणि त्याचे दिलेले कारण अचूक असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. चेहऱ्याच्या बाबतीत त्यांची गल्लत झाल्यामुळे मेंदू चेहऱ्यावर सत्ता कशी चालवतो ह्याचे एक अपुरे, किंबहुना काही अंशी चुकीचे, चित्र विद्वत्तेच्या जगात रूढ झाले आहे.

२

मूळ मार्गाचे वर्णन प्रथम करावयास हवे. मेंदूच्या बाह्य स्तरावर, मध्यभागी असलेल्या खाचेच्या पुढच्या बाजूस, क्रियाक्षेत्र नावाचा पट्टा आहे. त्याच्या खालच्या भागातील पेशींचा संबंध चेहरा, जीभ, जबडा व घसा ह्यांच्या हालचालींशी आहे. तेथून निघालेले तंतू एकत्र येत खाली उतरतात आणि मेंदूच्या देठात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात, निरनिराळ्या पातळ्यांवर थांबतात. ह्या देठात क्रियावाही मज्जातंतूंचे पेशीपुंज असतात. त्यांपैकी मुखमज्जातंतूचा पेशीपुंज पॉन्सच्या खालच्या भागात आहे. त्यातून निघालेले तंतू सरळ बाहेर न पडता सहाव्या मज्जातंतूच्या पेशीपुंजाला वळसा घालून मग बाहेर येतात आणि कानाजवळच्या हाडातील अरुंद नळीतून चेहऱ्यावर पोचतात. वरच्या टप्प्यावर इजा झाली तर तिला केंद्रीय पक्षाघात म्हणतात, खालच्या टप्प्यावर झाली तर परिघीय. चार्ल्स बेल ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा पक्षाघात ह्या दुसऱ्या प्रकारातील होय. बेल ह्यांनी १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मज्जातंतूंवरील आपला निबंध मांडला. त्याआधी, १८०६ साली, त्यांनी चित्रकलेतील भावाभिव्यक्तीच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला होता. चेहऱ्याचा अभ्यास अगदी आरंभापासून वैद्यक व कला ह्या दोहोंच्या सीमेवर कसा उभा आहे, ह्याची ही एक खूणच मानावी.

मुखपेशीपुंज हा एकजिनसी गोळा नव्हे. त्याच्या बाहेरच्या कडेचे पेशीगट ओठ, गाल व हनुवटी ह्यांचे स्नायू चालवतात. वरच्या व मधल्या भागातील गट कपाळ व पापण्या ह्यांचे. आतल्या कडेचे गट कानाचे. वानरात व मनुष्यात बाहेरचा गट विशेष वाढलेला आढळतो. मुखस्नायूंची आणखी दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एक, ते बहुतांशी हाडाला जोडणारे स्नायू नसून कातडीत शिरणारे आहेत. त्यांचे कार्य वजन उचलण्याचे नसून कातडी हलविण्याचे आहे. दोन, हातापायांच्या स्नायूंत ताण मोजणारी जी सूक्ष्म तर्कूसारखी ज्ञानेंद्रिये असतात, ती ह्या स्नायूंत जवळजवळ नाहीतच. चेहऱ्याला स्वतःची खबर हाताइतक्या नेमकेपणाने मिळत नाही, असाच ह्याचा अर्थ.

इतर शीर्ष-मज्जातंतूंकडे पाहिले तर मेंदूची सत्ता सर्वत्र एकाच पद्धतीने चालत नाही हे लगेच दिसून येते. डोळे फिरविणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या मज्जातंतूंच्या पेशीपुंजांना बाह्य स्तराचा थेट आदेश पोचत नाही. तो दृष्टी वळविणाऱ्या मध्यस्थ केंद्रांमार्फत जातो. जबड्याच्या स्नायूंना दोन्ही गोलार्धांचा आधार असतो. जीभ पुढे काढणारा मुख्य स्नायू प्रायः विरुद्ध गोलार्धावर अवलंबून असतो, म्हणूनच अर्धांगवायूत जीभ दुर्बल बाजूकडे वळते. घशाच्या स्नायूंविषयीही, त्यांना दोन्ही बाजूंनी तंतू येतात म्हणून एका गोलार्धाच्या इजेने गिळणे बिघडू नये, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात एका बाजूच्या अर्धांगवायूनंतर गिळण्यास अडचण होणारे रोगी विरळ नाहीत. हॅम्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली चुंबकीय उद्दीपनाच्या साहाय्याने दाखवून दिले की घशाचे प्रतिनिधित्व दोन्ही गोलार्धांत असले तरी ते समान नसते. प्रत्येक व्यक्तीत एक बाजू प्रबळ असते. म्हणजे ‘दोन्ही बाजूंनी’ हा शब्दप्रयोग ऐकावयास जितका निर्णायक वाटतो तितका तो नाही. किती, कोठून व कोणत्या क्षेत्राकडून हे प्रश्न त्याच्या आड दडलेले राहतात.

३

रूढ सिद्धांताला न्याय द्यावयाचा तर त्याचा जन्म कशातून झाला हे पाहिले पाहिजे. अर्धांगवायूत हात-पाय गळून पडतात, पण छाती, पोट व डोळे ह्यांचे स्नायू मात्र बरेचसे वाचतात, हे एकोणिसाव्या शतकातील वैद्यांना कोडे होते. विल्यम ब्रॉडबेंट ह्यांनी १८६६ साली त्याचे उत्तर मांडले. जे स्नायू दोन्ही बाजूंना नेहमी जोडीने काम करतात, त्यांचे दोन बाजूंचे पेशीपुंज आडव्या तंतूंनी इतके घट्ट जोडलेले असावेत की कोणत्याही एका गोलार्धाचा आदेश दोघांनाही पुरावा, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क बुद्धिमान होता व त्या काळच्या ज्ञानाशी सुसंगत होता. पुढे आडव्या तंतूंची जागा पाठ्यपुस्तकांत ‘दोन्ही गोलार्धांकडून येणाऱ्या तंतूंनी’ घेतली आणि कपाळाचे वाचणे हे त्याचे ठळक उदाहरण बनले. तर्काचा आधार बदलला. निष्कर्ष मात्र तोच राहिला.

परंतु चेहऱ्याला हा नियम लावताना एक अडचण उभी राहते व तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. जोडीने काम करणारे स्नायू वाचतात असे मानले तर ओठांनीही वाचले पाहिजे. बोलताना, चोखताना, फुंकर घालताना दोन्ही बाजूंचे ओठ एकत्रच चालतात. ह्याउलट एकच भुवई उंचावणारी माणसे सर्वत्र भेटतात. नियमाप्रमाणे कपाळ व ओठ ह्यांच्यात जो भेद अपेक्षित आहे, तो प्रत्यक्ष वापरात तितका स्वच्छ नाही. जो नियम चेहऱ्याच्या एका भागाला लागू पडतो व त्याच कसोटीवर दुसऱ्याला लागू पडत नाही, तो कारण सांगत नसून ज्ञात गोष्टीला केवळ नाव देत आहे, अशी शंका घेण्यास येथे जागा आहे.

४

ही शंका केवळ तर्काच्या बळावर मिटणारी नव्हती. तंतू प्रत्यक्ष कोठे जातात हे पाहणे आवश्यक होते. १९५८ साली कायपर्स ह्यांनी ह्या दिशेने पायाभूत काम केले. मेंदूला इजा होऊन मरण पावलेल्या रोग्यांच्या मस्तिष्कस्तंभातील नाश पावणारे तंतू विशेष रंगप्रक्रियेने दृश्य करून, बाह्य स्तरातून निघालेले काही तंतू मनुष्यात थेट क्रियावाही पेशीपुंजांपर्यंत पोचतात हे त्यांनी दाखविले. मांजरात तसे होत नाही. तेथे तंतू मध्यस्थ पेशींपाशीच थांबतात. मनुष्याच्या चेहऱ्यावर मेंदूच्या बाह्य स्तराची जी निकटची सत्ता आहे, ती प्राण्यांच्या उत्क्रांतीत उशिरा आलेली गोष्ट आहे, हा ह्या कामाचा महत्त्वाचा धडा.

रूढ उपपत्तीला खरा धक्का १९८७ साली जेनी व सेपर ह्यांच्या निबंधाने दिला. माकडाच्या क्रियाक्षेत्रातून निघणारे तंतू त्यांनी मुखपेशीपुंजाच्या एकेका गटापर्यंत मागोवा घेत पाहिले. सिद्धांत खरा असता तर कपाळाच्या गटाला दोन्ही बाजूंनी भरघोस तंतू आणि ओठांच्या गटाला केवळ विरुद्ध बाजूचे तंतू आढळावयास हवे होते. आढळले ते निराळेच. ओठांच्या गटाला दोन्ही बाजूंनी तंतू येत होते. त्यांत विरुद्ध बाजूचे प्रमाण पुष्कळ अधिक होते इतकेच. कपाळाच्या गटाला मात्र क्रियाक्षेत्राकडून थेट तंतू फारच थोडे येत होते. म्हणजे कपाळ वाचते ते दुहेरी आधारामुळे नव्हे, तर त्या क्षेत्राचा त्याच्यावर मुळातच फारसा थेट अंमल नसतो म्हणून. ज्या घराची भिंत कोसळली त्या घरात जो राहतच नव्हता, त्याला इजा झाली नाही ह्यात आश्चर्य ते काय?

पण मग कपाळावर अंमल कोणाचा, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर २००१ साली मोरक्राफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांच्या अभ्यासानुसार माकडाच्या मेंदूत चेहऱ्याची प्रतिनिधित्वे एक नसून पाच आहेत : मुख्य क्रियाक्षेत्र, त्याच्या पुढचे पूर्वक्रियाक्षेत्र, मध्यभित्तीवरील पूरक क्रियाक्षेत्र आणि त्याच भित्तीच्या खोबणीतील सिंग्युलेट भागाची पुढची व मागची अशी दोन क्षेत्रे. मुख्य क्रियाक्षेत्र, पूर्वक्रियाक्षेत्र व मागचे सिंग्युलेट क्षेत्र ह्यांचे तंतू प्रामुख्याने विरुद्ध बाजूच्या ओठांच्या गटाकडे जातात. पूरक क्षेत्राचे तंतू दोन्ही बाजूंच्या कानाच्या गटांकडे जातात. पुढच्या सिंग्युलेट क्षेत्राचे तंतू दोन्ही बाजूंच्या कपाळ-पापण्यांच्या गटांकडे जातात. आता रक्तपुरवठ्याचा नकाशा ह्यावर ठेवून पाहावा. अर्धांगवायू बहुधा मधल्या रोहिणीच्या प्रदेशात होतो. ती मेंदूच्या बाहेरच्या बाजूला रक्त पुरवते. मध्यभित्तीला पुढची रोहिणी रक्त पुरवते. म्हणून सामान्य अर्धांगवायूत ओठांचे क्षेत्र मरते व कपाळाचे क्षेत्र जगते. चिन्हाचे कारण तंतूंच्या दुहेरीपणाइतकेच धमन्यांच्या वाटणीतही आहे.

येथे रूढ सिद्धांताच्या समर्थकाला एक उत्तर देता येईल, व ते ऐकून घेतले पाहिजे. कपाळाला दोन्ही बाजूंनी तंतू येतात हे तर नव्या संशोधनानेही मान्य केले. मग जुने वाक्य चुकले कोठे? चुकले ते क्षेत्राच्या बाबतीत. जुन्या आकृतीत एकाच क्षेत्रातून निघालेला एकच मार्ग दोन फाटे फोडतो. नव्या चित्रात अनेक क्षेत्रांतून निघालेले अनेक मार्ग एकाच पेशीपुंजाच्या वेगवेगळ्या दारांशी येतात. पहिल्या चित्रात ‘कोणत्या बाजूने?’ हा एकच प्रश्न विचारता येतो. दुसऱ्यात ‘कोणाच्या वतीने?’ हाही विचारता येतो. दोन्ही उपपत्तींची भाकितेही भिन्न आहेत. केवळ मध्यभित्तीवर इजा झाली तर जुन्या आकृतीप्रमाणे चेहऱ्याला काहीच होऊ नये; नव्या चित्राप्रमाणे चेहऱ्याच्या काही हालचालींत उणीव दिसावी. माकडावरील निष्कर्ष मनुष्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणूनच मनुष्यात ह्याला दुजोरा देणारे काही आढळते काय, हे पाहणे भाग आहे. तसा पुरावा आढळतो, आणि तो माकडावरील प्रयोगांच्या कितीतरी आधीचा आहे.

५

नॉर्वेचे मज्जाविकारतज्ज्ञ मोन्राड-क्रोन ह्यांनी १९२४ साली मुखपक्षाघातातील एका विलक्षण दुभंगाचे पद्धतशीर विवेचन केले. काही रोग्यांना दात दाखवावयास सांगितले तर तोंडाची एक बाजू हलत नाही. पण त्यांनाच विनोद ऐकून हसू आले तर तीच बाजू व्यवस्थित उचलली जाते. दुसऱ्या काही रोग्यांत नेमके उलट घडते. सांगितले असता ते दोन्ही बाजू सारख्या हलवितात. मनापासून हसू मात्र एकाच बाजूला फुटते. स्नायू तेच, मुखमज्जातंतू तोच, पेशीपुंजही तोच. हलविणारा मात्र निराळा. १९९२ साली हॉप्फ व सहकाऱ्यांनी अशा रोग्यांतील इजांची स्थाने तपासली, तेव्हा दोन प्रकारांच्या जागाही वेगळ्या ठरल्या. इच्छेने होणारी हालचाल क्रियाक्षेत्रात अथवा त्याच्या खाली उतरणाऱ्या मार्गात इजा झाल्याने बिघडते. भावनेने होणारी हालचाल थॅलॅमस, कपाळामागील मेंदूचा काही भाग, मध्यभित्तीवरील पूरक क्षेत्र अशा ठिकाणच्या इजांनी बिघडते.

ह्याच जातीचे इतर पुरावेही आहेत. १९२६ साली फ्वा, शाव्हानी व मारी ह्यांनी वर्णिलेल्या विकारात दोन्ही गोलार्धांतील चेहऱ्याच्या क्षेत्रांजवळ इजा होते. तोंड उघड, जीभ काढ, गिळ असे सांगितले असता रोगी ते करू शकत नाही. परंतु जांभई येते, हसू येते, रडू येते. ह्यूलिंग्ज जॅक्सन ह्यांनी ह्याच्याही आधी असे रोगी नोंदविले होते की जे सांगितल्यावर जीभ बाहेर काढू शकत नसत, पण ओठाला लागलेला अन्नकण त्याच जिभेने सहज टिपत असत. दुसऱ्या टोकाला किनिअर विल्सन ह्यांनी १९२४ साली विवेचिलेले रोगी आहेत. त्यांना दुःख नसता रडू कोसळते, आनंद नसता हसू आवरत नाही, आणि इच्छेने ते थांबविता येत नाही. इच्छेचा मार्ग तुटला, की भावनेच्या यंत्रणेवरील लगाम सुटतो, असा त्यांचा अन्वयार्थ होता.

ह्या सर्वांचा निष्कर्ष असा : चेहऱ्याची वाटणी केवळ डावे-उजवे व वर-खाली अशी नाही, ती हालचालीच्या उगमानुसारही आहे. एकमार्गी आकृतीत ह्या तिसऱ्या वाटणीला जागाच नाही. म्हणून पाठ्यपुस्तके ती तळटीपेत, ‘कधीकधी आढळणारी विचित्र अवस्था’ म्हणून टाकतात. प्रत्यक्षात तीच मूळ रचनेची साक्ष देते. २००७ साली मोरक्राफ्ट व सहकाऱ्यांनी, भय-आनंदादी भावनांशी निगडित अशा ॲमिग्डाला ह्या भागातून सिंग्युलेटच्या पुढच्या क्षेत्राकडे जाणारे तंतू माकडात दाखविले. मोन्राड-क्रोन ह्यांना रोग्याच्या चेहऱ्यावर जे दिसले होते, त्याच्याशी सुसंगत असा एक मार्ग त्यामुळे शरीररचनेत सापडला.

६

चिन्हाला उपपत्ती समजण्याची हीच चूक चेहऱ्याच्या अभ्यासात दुसऱ्या एका ठिकाणी, आणि अधिक मोहक रूपात, झाली आहे. फ्रेंच वैद्य ड्यूशेन ह्यांनी १८६२ साली मुखमुद्रेच्या यंत्रणेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एका वृद्धाच्या चेहऱ्यावरील त्वचेची संवेदना मंद झालेली होती. त्याच्या एकेका स्नायूला विजेचा प्रवाह देऊन त्यांनी निरनिराळ्या मुद्रा उत्पन्न केल्या व त्यांची छायाचित्रे घेतली. गालाचा मोठा स्नायू विजेने आकुंचित केला तर ओठांचे कोपरे वर जातात, पण ते हास्य खोटे वाटते. खऱ्या हास्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, हे त्यांचे निरीक्षण होते. डार्विन ह्यांनी १८७२ सालच्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात ते तपासून घेतले. विजेने आणलेल्या हास्याचे छायाचित्र त्यांनी चोवीस व्यक्तींना दाखविले. तिघांना तर काहीच उलगडा झाला नाही. इतरांना ते हास्यासारखे वाटले, पण निर्मळ आनंदाचे वाटले नाही. बेल ह्यांनी काही मुखस्नायू मनुष्याला भाव प्रकट करण्यासाठीच खास दिलेले आहेत असे मानले होते. डार्विन ह्यांनी ते नाकारून त्या हालचालींचा उगम प्राण्यांच्या सवयींत शोधला. ही चर्चा फलदायी होती, ह्यात संशय नाही.

पण ड्यूशेन निरीक्षणापाशी थांबले नाहीत. डोळ्याभोवतीचा तो स्नायू इच्छेच्या आज्ञेत नाही, केवळ अंतःकरणातील खऱ्या आनंदालाच तो वश होतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. येथे पुन्हा तीच उडी आहे. दोन प्रकारची हास्ये दिसावयास भिन्न असतात, ह्या चिन्हावरून एक स्नायू इच्छेच्या सत्तेबाहेर आहे, अशी उपपत्ती काढली गेली. १९९० साली एकमन व सहकाऱ्यांनी ड्यूशेन ह्यांचेच नाव देऊन हा भेद मानसशास्त्रात पुन्हा प्रतिष्ठित केला, आणि पुढे लोकप्रिय लेखनात तो प्रामाणिकपणाची कसोटी बनून बसला. २००९ साली क्रुमह्यूबर व मॅन्स्टेड ह्यांनी मात्र दाखवून दिले की सांगितले असता पुष्कळ लोक डोळ्यांसहित हास्य आणू शकतात. रोग्यांतील पुरावाही ड्यूशेन ह्यांच्या सिद्धांताला पोषक नाही. इच्छा व भावना ह्यांचे मार्ग भिन्न असले तरी त्यांनी स्नायू आपसांत वाटून घेतलेले नाहीत. एकच स्नायू दोघांचाही सेवक आहे. ओठाचा कोपराही मोन्राड-क्रोन ह्यांच्या रोग्यांत भावनेपुरता जिवंत अथवा मृत होऊ शकत होता. भेद स्नायूत नाही, आज्ञा देणाऱ्यात आहे. आणि आज्ञा देणारा बाहेरून दिसत नाही.

७

भारतीय वाचकाला ह्या ठिकाणी भरताच्या नाट्यशास्त्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. आंगिक व सात्त्विक ह्या अभिनयप्रकारांचा भेद आणि इच्छा व भावना ह्या मार्गांचा भेद एकच आहेत असे म्हणण्याचा मोह पडतो. तो आवरावयास हवा, कारण तपशील त्याला साथ देत नाहीत. भुवया, नेत्र, कपोल, अधर व चिबुक ह्यांच्या हालचालींचे भरताने केलेले वर्गीकरण आंगिक अभिनयात येते. सात्त्विक भाव म्हणून जे आठ सांगितले आहेत ते स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय होत. त्यांतील बहुतेकांचा संबंध घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या, केसांच्या मुळांचे सूक्ष्म स्नायू, अश्रुपिंड अशा स्वायत्त मज्जासंस्थेच्या प्रदेशाशी आहे, मुखस्नायूंशी नाही. तेव्हा सात्त्विक म्हणजे सिंग्युलेट क्षेत्राचे कार्य, असे समीकरण मांडणे शास्त्रालाही अन्यायकारक आणि भरतालाही.

तरीही नाट्यशास्त्रातील एक विचार येथे उपयोगी पडतो. सत्त्व हे मनाच्या एकाग्रतेतून उत्पन्न होते असे तेथे म्हटले आहे. म्हणजे नट अश्रूंना सरळ आज्ञा देत नाही. तो मनाला अशा स्थितीत नेतो की अश्रू यावेत. इच्छा भावनेच्या दाराशी आडवाटेने पोचू शकते, ही गोष्ट त्यात गृहीत आहे. खरे हास्य इच्छेने येतच नाही म्हणणाऱ्या ड्यूशेन ह्यांच्या सिद्धांतात ह्या आडवाटेला स्थान नाही. रंगभूमीचा रोजचा अनुभव मात्र तिच्याच बाजूने आहे.

८

हे परीक्षण स्वतःच्याच कसोटीला उतरले पाहिजे. ‘बाहेरची बाजू म्हणजे इच्छा, मध्यभित्ती म्हणजे भावना’ असे नवे सूत्र रचून जुन्याच्या जागी बसविले, तर काहीच साधले नाही असे होईल. मुखाची ही क्षेत्रे एकमेकांशी तंतूंनी जोडलेली आहेत. मध्यभित्तीवरील पूरक क्षेत्र इच्छित हालचालींतही सहभागी असते. आणि बोलता बोलता हसणारा मनुष्य दोन्ही मार्ग एकाच क्षणी वापरत असतो. मुख्य क्रियाक्षेत्राचे सुप्रसिद्ध चित्रही, ज्यात शरीराचे अवयव एका पट्टीवर क्रमाने मांडलेले असतात, अलीकडे तपासले गेले आहे. गॉर्डन व सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार त्या पट्टीवर पाय, हात व मुख ह्यांच्या क्षेत्रांमध्ये अशी क्षेत्रे आहेत की जी कोणत्याही एका अवयवाची नसून सबंध कृतीची आखणी करणाऱ्या जाळ्याची आहेत. मार्गांची संख्या निश्चित झाली असे मानण्यास अद्याप आधार नाही. मार्ग एकच आहे असे मानण्यास मात्र आता मुळीच आधार उरलेला नाही.

ह्या वादाला केवळ विद्यापीठीय महत्त्व आहे असे कोणास वाटेल. तसे नाही. ज्या रोग्याचा भावनेचा मार्ग तुटला आहे, तो नातवंडाला पाहून आनंदला तरी त्याचा चेहरा अर्धाच हसतो. वैद्याने दात दाखवावयास सांगितले, त्याने दाखविले, आणि नोंद झाली की चेहरा निर्दोष आहे. घरच्या माणसांना मात्र तो कोरडा, परका झालेला वाटतो. ज्याचा लगाम सुटला आहे, तो किरकोळ गोष्टीवरून हुंदके देतो. भोवतालची माणसे त्याला खचलेला समजतात, आणि तो स्वतः आतून शांत असूनही तसे सांगू शकत नाही. पहिल्या रोग्याला केवळ आज्ञा देऊन तपासले तर त्याचा विकार सापडणारच नाही. त्याला हसवूनही पाहिले पाहिजे. एकमार्गी आकृती शिकलेल्या तपासनिसाला हे सुचण्याचे काही कारण नाही, आणि हाच त्या आकृतीचा सर्वांत मोठा दोष होय.

तेव्हा अध्यापनात काय बदलावे? चिन्ह तसेच ठेवावे. ते कमावलेले धन आहे. उपपत्ती मात्र उपपत्ती म्हणूनच शिकवावी : ती कोणी मांडली, कोणत्या कोड्याचे उत्तर म्हणून मांडली, कोणत्या पुराव्याने ती ढासळली आणि तिच्या जागी आलेली कोठवर टिकते हे सांगून. ब्रॉडबेंट ह्यांचा तर्क चुकीचा ठरला म्हणून तो क्षुल्लक होत नाही. त्याच्यावाचून पुढचा प्रश्न विचारलाच गेला नसता. ज्या दिवशी तो तर्क न राहता वस्तुस्थिती म्हणून पाठ होऊ लागला, त्या दिवसापासून तो अडसर बनला. तपासणीच्या वहीत कपाळ, डोळे व दात ह्यांच्या रकान्यांनंतर आणखी एक रकाना आखावा, आणि रोगी आपणहून हसला तेव्हा त्याचा चेहरा कसा दिसला हे त्यात लिहावे. चेहरा कोणत्या बाजूने हलतो एवढे पाहणे पुरेसे नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून हलतो, हेही पाहिले पाहिजे.